पांढऱ्या दोऱ्याच्या खुणा

नकाशात आक्काचं टेबल नव्हतं.

साहेबानं तो नकाशा दुकानाच्या लांब लाकडी काउंटरवर पसरला आणि कोपरे वळू नयेत म्हणून हाताला येईल ते चारी बाजूंना ठेवलं: कात्री, खडूचा डबा, पावतीबुक आणि गार पडलेली इस्त्री. रविवारची सकाळ होती. शटर अर्धं ओढलेलं होतं आणि त्याच्याखालून येणाऱ्या उजेडात रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसत होते. आक्कानं चष्मा नाकावर घट्ट बसवला आणि ती वाकली. दार सापडलं. दोन पायऱ्या सापडल्या. रस्त्याकडची खिडकीही सापडली, पण तिच्याखाली बारीक निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कपडे स्वीकार कक्ष'.

पन्नासाला एक कमी, एवढी वर्षं ती त्या खिडकीखाली बसत आली होती. उन्हाचा कवडसा कुठल्या महिन्यात टेबलाच्या कुठल्या कडेला टेकतो हे तिला ठाऊक होतं. रफूला दिवसाचा उजेड लागतो. दिव्याखाली काळा आणि गडद निळा धागा सख्खे भाऊ दिसतात, असं बाबा म्हणायचे.

"यंत्रं चांगली मोठी दिसतायत," ती म्हणाली.

"सहा आहेत आत्या," साहेब म्हणाला. "चार धुवायची, दोन वाळवायची. बिघडली तर त्यांचाच माणूस येतो. आपण फक्त फोन करायचा."

साहेब म्हणजे अण्णांचा एकुलता एक मुलगा. नोकरीच्या पहिल्या दिवशी तो नवा कोट घालून घरातून निघाला, तेव्हा काउंटरमागून काका म्हणाले होते, "साहेब, जपून. पायरी आहे." तेव्हापासून तो सगळ्यांचा साहेबच झाला. आता छत्तीस वर्षांचा होता, कानशिलं पिकायला लागली होती, तरी गल्लीतली माणसं त्याच नावानं हाक मारायची आणि अण्णा ती हाक कान टवकारून ऐकायचे.

आजची बैठक त्यानंच बोलावली होती. कपडे धुण्याची एक मोठी साखळी होती, शहराशहरांत एकाच रंगाची दुकानं असलेली, आणि तिची फ्रँचायझी त्याला घ्यायची होती. जागा म्हणून हे दुकान. बाबा गेल्यावर दुकान तिघांच्या नावावर झालं होतं: आक्का, अण्णा आणि धाकटा, म्हणजे साहेबाचे काका. तिघांच्या सह्या संमतिपत्रावर हव्या होत्या, आणि साखळीची अधिकारी बाई उद्या सकाळी दहाला येणार होती.

"वाच ना तू," साहेब बायकोला म्हणाला. "मी काय लिहिलंय ते वाचून दाखव."

सूनबाईनं अर्ज उचलला. तिचा आवाज स्वच्छ होता, शाळेत शिकवायची ती. "'प्रश्न सातवा. आपण नोकरीऐवजी स्वतःचा व्यवसाय का निवडत आहात? उत्तर: गेली तेरा वर्षे मी एका नामांकित कंपनीत जबाबदारीच्या पदावर आहे. तेथे मला मान आहे, स्थैर्य आहे. परंतु तीन पिढ्यांचे आमचे दुकान मागे पडताना पाहणे मला शक्य नाही. म्हणून मी स्वेच्छेने या पदाचा राजीनामा देण्याचे ठरवले आहे.'"

अण्णांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. "ऐकलंस ना?" ते धाकट्याला म्हणाले. "तेरा वर्षांच्या नोकरीवर लाथ मारतोय. कुणासाठी? तुझ्या-माझ्यासाठी. परवा तो समोरचा दंतवैद्य आला होता पँट घ्यायला. मी त्याला सांगितलं, डॉक्टर, आजच्या काळात अशी पोरं नसतात. गप्प झाला बिचारा."

आक्का साहेबाच्या हातांकडे बघत होती. तो इस्त्रीची वायर बोटाला गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता.

"झालं वाचून?" काका म्हणाले. ते आपल्या नेहमीच्या उंच स्टुलावर बसले होते. रविवारीसुद्धा त्यांना दुसरीकडे बसवत नसे. "आता मला सांग साहेब. पाटी कुणाची?"

"त्यांची."

"भिंतीचा रंग?"

"त्यांचाच. सगळीकडे सारखा असतो, काका. तोच तर फायदा आहे. माणूस परगावी गेला तरी रंग ओळखून आत येतो."

"अंगातला शर्ट?"

साहेब हसला. "तोही ते देतात. टोपीसुद्धा."

"टोपीसुद्धा," काका अण्णांना म्हणाले. "साठाव्या वर्षी मला टोपी घालणार आहे तुझा मुलगा. आणि त्या जाड पुस्तकात काय लिहिलंय? गिऱ्हाईक आलं की किती सेकंदांत हसायचं."

"पाच," सूनबाई म्हणाली आणि तिलाच हसू आलं.

"पाच. आणि ह्याला म्हणायचं मालक. अरे, मालक तो, ज्याला सकाळी उठल्यावर न हसण्याची मुभा असते."

अण्णाही हसले, मनात नसताना. पण साहेब चिकाटीनं बोलत राहिला. त्याचं म्हणणं काही खुळचट नव्हतं, हे आक्काला कळत होतं. नवीन नाव उभं करायला दहा वर्षं जातात, तिथं तयार नाव मिळतं. कामाची रीत कुणीतरी आधी चुका करून ठरवलेली असते. दोन आठवडे शिकवतात. आणि इथं काय चाललंय? रफूला येतंय कोण? कोटाला भोक पडलं की लोक नवा घेतात. आठवड्यात पाच नग आले तर काका सणासारखे खूश होतात. सूनबाई मध्येमध्ये दुजोरा देत होती. अण्णा तर केव्हाच फितूर झाले होते. तीन विरुद्ध एक, आणि आक्का कुंपणावर.

मग काकांनी स्टुलावरून उतरून नकाशावरची कात्री बाजूला केली. कागदाचा कोपरा सुरळी होऊन वर आला.

"हे सगळं ठीक आहे रे," ते म्हणाले. आता आवाजात थट्टा नव्हती. "तुझा हिशोब बरोबर असेल. पण बाबा जाताना सांगून गेलेत. पाटी उतरवायची नाही, खिडकी हलवायची नाही. मी त्या शब्दावर एकदा सगळं सोडलंय. आता तू आलास म्हणून तो शब्द मोडायचा, तर मग मी काय मूर्ख होतो? विचार आक्काला. तिलाच सांगून गेले ते."

चौघेही आक्काकडे वळले.

"चहा टाकते," आक्का म्हणाली आणि पडदा सारून मागच्या खोलीत गेली.

मागच्या खोलीत शेगडी होती, कपड्यांची मांडणी होती आणि भिंतीवर एक जुनं कॅलेंडर, फोटोच्या रिळांच्या एका कंपनीचं. त्यावरचं हसरं कुटुंब रंग उडून उडून पांढरं झालं होतं. काकांनी ते कधी काढलं नाही आणि कुणी काढायला सांगितलंही नाही. त्याच कंपनीमुळे त्यांना फोटोकाका हे नाव पडलं होतं. आधी अण्णांनी चिडवायला वापरलं, मग पोरांनी प्रेमानं, मग गल्लीनं सवयीनं. आक्कानं ते नाव कधी तोंडानं घेतलं नाही. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

एकतीस वर्षांपूर्वी रंगीत फोटो तासाभरात धुऊन देणारी यंत्रं नवीन आली होती. ती कंपनी आपल्या नावाची दुकानं चालवायला माणसं शोधत होती. फ्रँचायझी हा शब्द तेव्हा कुणाच्या जिभेवर नव्हता, एजन्सी म्हणायचे. धाकट्यानं अर्ज केला, मुलाखत दिली, कंपनीचा माणूस जागा बघून गेला. अर्धं दुकान फोटोचं, अर्धं रफूचं, असं ठरत होतं. करार करायच्या दिवशी घालायला त्यानं राखाडी कोट शिवला होता. आणि यंत्र कुठं बसणार होतं? रस्त्याकडच्या खिडकीखाली. लोकांना आतून फोटो बाहेर पडताना दिसले पाहिजेत ना.

त्याच आठवड्यात बाबा गेले. पहाटे इस्पितळात खाटेजवळ एकटी आक्का होती. बाबांनी डोळे उघडले, तिच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "वकिलाचा कोट गेला का?" ती म्हणाली, "गेला बाबा." ते म्हणाले, "बरं." एवढंच.

दहाव्या दिवशी सगळे बसले होते. धाकटा भीतभीतच म्हणाला, आता मी त्या कंपनीला कळवू का? आक्का तेव्हा अडतीस वर्षांची होती. लग्न झालेलं नाही, होण्याचं वय सरलेलं, आणि जगात तिच्या हक्काचं म्हणावं असं एक टेबल, एक भिंग आणि एक खिडकी. खिडकी गेली की ती दोन भावांच्या घरातली जास्तीची बाई होणार होती, जिला जेवायला वाढताना वहिन्या एकमेकींकडे बघतात. तिनं मान खाली घातली आणि बोलली. बाबा म्हणाले, पाटी उतरवू नका. आणि थोडं थांबून म्हणाली, खिडकी हलवू नका.

त्यानं एक प्रश्नही विचारला नाही. कंपनीला पत्र लिहून टाकलं. पुढे लग्नाचं म्हणाल तर दुकानाच्या काउंटरमागे बसणाऱ्या धाकट्या भावाला कोण मुलगी देणार, असं करता करता तेही राहून गेलं.

पडदा हलला. साहेब कप घ्यायला आला होता. त्यानं कप ताटलीत मांडले, एक पडता पडता वाचवला.

आक्का दुधाकडे बघत म्हणाली, "त्या बाकाचा खिळा वर आलाय. दुसऱ्या बाकावर बसत जा."

साहेबाचा हात तिथंच थांबला.

गेल्या महिन्यात त्याचा ऑफिसचा कोट तिच्याकडे आला होता, पाठीत दाण्याएवढं भोक पडलेला. खुर्चीत बसणाऱ्याची कोपरं झिजतात, आक्कानं जन्मभर हेच पाहिलं होतं. ह्याची कोपरं होती तशीच होती आणि पाठ घासली गेली होती. भिंगाखाली शिवणीत हिरव्या रंगाचे कण दिसले. बागेतले बाक नुकतेच रंगवले होते. आणि खिशावर ओळखपत्राच्या चिमट्याचे दात उमटलेले असायचे, ते नव्हते. तिथली लव पुन्हा उभी राहिली होती. कापड कधी खोटं बोलत नाही. आक्कानं आतल्या दुमडीतून त्याच कोटाचा धागा काढला, भोक बुजवलं आणि कोट घडी घालून दिला. कुणाला काही बोलली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"कधीपासून?" आता तिनं विचारलं.

"पाच महिने." तो कुजबुजत होता. "आमचा विभागच बंद केला त्यांनी. चाळीस जण. मला वाटलं महिन्याभरात दुसरी मिळेल."

"तिला माहीत आहे?"

"नाही. कुणालाच नाही. सह्या होऊ देत आत्या, दुकान सुरू होऊ दे, मग कोण विचारतंय? नोकरी सोडली काय अन् गेली काय." तो जवळ आला. लहानपणी खेळताना शर्ट फाडून यायचा, आई बघायच्या आत शिवून दे म्हणायचा, तसाच अगदी. "तू फक्त एवढं कर. आजोबांचा शब्द त्या काळापुरता होता, असं काकांना सांग. तुझं ऐकतील ते. तू सांगितलंस तर ऐकतील. एवढा एकच टाका घाल."

चहा उतू गेला. आक्कानं शेगडी बंद केली, पण फडकं घ्यायला हात उठेना.

हा मुलगा खोटं बोलायला कुठं शिकला? त्याच्या बापाला खोटं जमत नाही, अण्णांचं तोंड आधीच सांगून मोकळं होतं. लहान असताना हा तिच्या टेबलाखाली बसून खेळायचा. वरून तो ऐकायचा, ती गिऱ्हाइकाला कोट देताना बाबांचं ठरलेलं वाक्य म्हणायची, "भोक शोधून दाखवा, सापडलं तर मजुरी नको." कुणाला कधी सापडलं नाही. घराण्याची सगळी ऐट त्या एका वाक्यात होती. ते वाक्य पोरानं पक्कं पाठ केलं होतं, एवढंच. आक्काला स्वतःची इतकी शरम वाटली, की समोर उभ्या असलेल्या पोराकडे तिला बघवेना.

"चल," ती म्हणाली. "कप घे."

बाहेर काका पुन्हा स्टुलावर बसले होते. सूनबाई नकाशाचा वर आलेला कोपरा बोटानं दाबून धरत होती. आक्कानं सगळ्यांना चहा दिला आणि स्वतः उभीच राहिली.

"बस की," अण्णा म्हणाले.

"उभ्यानंच बोलते." तिला आपला आवाज दुसऱ्या कुणाचा वाटला. "बाबा तसं काही म्हणाले नव्हते."

"कसं?" काकांनी विचारलं.

"पाटीचं. खिडकीचं. काही म्हणाले नव्हते. वकिलाचा कोट गेला का, एवढंच विचारलं त्यांनी. बाकीचं माझं होतं. माझी खिडकी जाईल म्हणून मी बोलले."

शटरखालून कुणाचे तरी पाय गेले, सोबत कुत्र्याचे चार. चहाचा कप काकांनी अलगद खाली ठेवला. बशी न वाजवता.

"वकिलाचा कोट," ते म्हणाले.

"हो."

"गेला होता?"

"आदल्या दिवशीच."

"हां. मीच दिला होता."

अण्णांना काहीतरी बोलावंसं वाटत होतं. "आक्का, अगं पण तू असं..." एवढं म्हणून ते थांबले. सूनबाई जमिनीकडे बघत होती, परक्याच्या घरात कपडे बदलणाऱ्या माणसासमोर चुकून दार उघडल्यासारखी.

"अरे, मरताना माणूस खिडकीचं कशाला बोलेल?" आक्काच्या तोंडून निघून गेलं. तिला माफी मागायची होती आणि हे भलतंच आलं. "एकतीस वर्षांत तुला एकदाही शंका नाही आली?"

"तू सांगितलंस म्हणून नाही आली," काका म्हणाले.

ते रागावले असते, तर आक्काला सोसलं असतं. त्यांनी पावतीबुकातलं पेन काढलं, संमतिपत्र पुढं ओढलं आणि पावतीवर करतात तशी घसरती सही केली.

"घ्या. बाबांचा शब्द नव्हताच, तर मी कशाच्या जोरावर अडवू? घाल रे साहेब टोपी."

आक्कानंही पेन घेतलं. तिची सही लहान मुलीसारखी गोल होती. मग पेन अण्णांकडे गेलं. अण्णा सही करायला वाकले, तेवढ्यात साहेबानं कागदावर हात ठेवला.

"थांबा अण्णा."

"आता काय?"

"माझी नोकरी गेलीय." तो काकांकडे बघून बोलत होता, बापाकडे बघायचं धाडस नव्हतं. "मी सोडत नाहीये. काढलंय. पाच महिने झाले. आत्याला ठाऊक होतं, पण ती बोलली नाही, स्वतःचंच बोलली. मी मात्र आत तिलाच खोटं बोलायला लावत होतो."

अण्णांनी कागदावरचं पेन उचललं. त्यांचा चेहरा आक्कानं लहानपणापासून पाहिला होता, तो असा कधी पडला नव्हता. "मी त्या दंतवैद्याला सांगितलं," ते म्हणाले. "बँकेतल्या त्या मुलीला सांगितलं. केस कापणाऱ्याला सांगितलं. तो सगळ्या गावाला सांगतो."

"अण्णा..."

"नोकरी जाते रे. माणसांच्या जातात. पण मला गावभर मिरवायला सोडलंस आणि तू बागेत बसून बघत राहिलास." त्यांनी पेन ठेवलं आणि ते वाकून शटरखालून बाहेर पडले. त्यांची चप्पल दारातच राहिली होती. ती घ्यायला ते परत वळले नाहीत. अनवाणी पाय चार पावलं दिसले आणि मग दिसेनासे झाले.

"डबा?" सूनबाई म्हणाली.

"अं?"

"मी रोज डबा भरून देते. रोज विचारते, कुणाबरोबर जेवलास. तू नावं सांगतोस. परवा म्हणालास, त्या उंच पोराला भाजी आवडली."

"बागेत खायचो," साहेब म्हणाला. "एकटाच."

ती रडेल असं आक्काला वाटलं, पण ती शिक्षिका होती. तिनं अर्ज काउंटरवर ठेवला, प्रश्न सातव्यापुढचं अख्खं उत्तर एका रेघेत खोडलं आणि अर्ज त्याच्यापुढं सरकवला. "परत लिही. खरं लिही."

"खरं लिहिलं तर कोण देईल मला दुकान?"

"नाही देणार तर नाही. पण उद्या ती बाई दारात येईल तेव्हा मला तिच्याकडे बघता आलं पाहिजे. तुझ्याकडे बघायला मला अजून वेळ लागेल."

साहेबानं लिहायला घेतलं. खोडलेल्या उत्तराखाली जागा थोडी होती, अक्षर बारीक करावं लागलं. 'पाच महिन्यांपूर्वी माझी नोकरी गेली. दुसरी मिळाली नाही. लहानपणापासून कपडे घ्यायचं आणि द्यायचं काम बघितलं आहे, तेवढं येतं.' काका स्टुलावर बसून रविवार असूनही पावतीबुकाची पानं लावत होते. आक्कानं कप उचलले. काकांचा चहा तसाच होता, वर साय धरलेली.

अधिकारी बाई सोमवारी दहाला दहा कमी असतानाच आली. अण्णा तोवर परतले होते, आदल्या संध्याकाळीच, पण कुणाशी बोलत नव्हते. बाईनं भिंती मापल्या, नळ उघडून पाण्याचा जोर बघितला, मग उभ्याउभ्याच अर्ज वाचला. सातव्या प्रश्नाशी आली तेव्हा सगळे तिच्या बोटाकडे बघत होते. तिनं पान उलटलं.

"हे खोडलंय ते..." सूनबाईनंच शेवटी विचारलं. "म्हणजे, चालेल का?"

"काय? नोकरीचं?" बाईनं पान पुन्हा मागं केलं. "अहो, आमच्या निम्म्या दुकानदारांच्या नोकऱ्या गेलेल्याच असतात. आम्ही ते पान फक्त अक्षर बघायला ठेवलंय." आणि ती नळाबद्दल बोलायला लागली.

पाच महिने पोटात दडवलेली गोष्ट, तिची किंमत एवढी. साहेब कानापर्यंत लाल झाला. अण्णांनी त्या दिवशी सही केली, मुलाकडे न बघता. आक्कानं बाईला खिडकीबद्दल विचारलं नाही. साहेबानं विचारलं. बाई म्हणाली, नकाशा सगळीकडे एकच असतो, पण मागच्या खोलीत तुम्ही काय ठेवता त्याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही.

तर बुधवारी टेबल मागच्या खोलीत गेलं. साहेबानं आणि अण्णांनी मिळून उचललं. "उजवीकडे घे," "पाय बघ," एवढं तरी ते एकमेकांशी बोलले. वर दिवा लावला. काका मदतीला आले नाहीत. रविवारपासून ते आक्काशी कामापुरतंही बोलत नव्हते. कपडा काउंटरवर यायचा, ते भोकाभोवती पांढऱ्या दोऱ्याचं कडं घालायचे. ही दुकानाची जुनी रीत. भोक कुठं आहे ते रफू करणाऱ्याला शोधावं लागू नये म्हणून काउंटरवरच्या माणसानं खूण करायची आणि काम झालं की ती खूण शेवटी ओढून काढायची. कपडा पडद्याआडून आत सरकायचा. मागं माणूस आहे की भिंत, ह्याची चौकशी नाही.

शुक्रवारी दुपारी पडदा सरला आणि काका स्वतः आत आले. हातात एक कोट होता. राखाडी.

आक्कानं तो ओळखला. एकतीस वर्षं कपाटात राहून त्याला कसर लागली होती. कॉलरवर, छातीवर, दोन्ही बाह्यांवर भोकं होती, आणि प्रत्येक भोकाभोवती पांढऱ्या दोऱ्याचं कडं होतं, एकसारखं, नीट, बाबांनी शिकवलं तसं. काका दोन रात्री तरी त्यावर बसले असावेत.

"घालणार आहेस?" तिनं विचारलं.

"उद्घाटनाला. टोपी घालायचीच आहे, तर खाली कोट तरी माझा असू दे."

"बुजवते. दिसणार नाहीत."

"दिसू देत." काका कॅलेंडरवरच्या पांढऱ्या पडलेल्या माणसांकडे बघत होते. "फाटू नये एवढं कर. आणि आक्का, दोरे काढू नकोस."

ते बाहेर गेले. आक्कानं कोट उलटा केला आणि आतली दुमड उसवली. घडीत कापड भरपूर होतं आणि मूळ रंग तसाच्या तसा राहिला होता, कारण त्या कोटानं ऊनच कधी बघितलं नव्हतं. तिनं एक लांब धागा ओढून काढला. दिव्याच्या उजेडात सुई ओवायला तीन वेळा चुकली. मग उभे धागे घातले, मग आडवे, एकाखालून एक, आणि प्रत्येक भोकाशी शेवटी हात सवयीनं पांढऱ्या दोऱ्याकडे जायचा, तिथून ती तो मागं घ्यायची.

शनिवारी संध्याकाळी तिनं कोट काउंटरमागच्या खुंटीवर टांगला आणि आत येऊन बसली. थोड्या वेळानं दंतवैद्याचा आवाज आला.

"अहो फोटोकाका, ह्याचे दोरे काढायचे राहिलेत वाटतं. सगळी भोकं दिसतायत की."

आक्का सुई हातात धरून थांबली.

"राहिले नाहीत," काका म्हणाले. "ठेवलेत."